एक किलोमीटर म्हणजे नक्की किती हो?

सोमवारी सकाळी कुठल्याही ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी जा. दोन जण मनगटं पुढे करून भांडत असतात. रविवारी दोघं एकत्र धावलेले, एकाच गेटपासून एकाच गेटपर्यंत. एकाचं घड्याळ म्हणतं १०.०० किलोमीटर, दुसऱ्याचं म्हणतं १०.३१. दोघांनाही वाटतं, आपलंच खरं. (ज्याचं घड्याळ महाग, त्याला जरा जास्तच वाटतं.) आणि तिसरा, ज्यानं सेलमधून दीड हजाराचं ‘स्मार्ट’ वॉच उचललंय, तो शांतपणे ११.४ दाखवून आपला मग घेऊन निघून जातो!

या तिसऱ्याचा निकाल आधी लावू, कारण तो सोपा आहे. स्वस्तातल्या बहुतेक स्मार्ट वॉचेसमध्ये जीपीएस नसतोच. बॉक्सवर ‘कनेक्टेड जीपीएस’ असं ऐटीत लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की खिशात फोन असेल तर घड्याळ त्याच्याकडून उसनं अंतर घेणार. फोन घरी ठेवलात तर ते नुसती पावलं मोजतं आणि तुमच्या उंचीवरून काढलेल्या अंदाजी ढांगेनं गुणतं. आता सांगा, लिफ्टपासून डेस्कपर्यंतची ढांग आणि धावतानाची ढांग एकच असते का? तेव्हा घेताना ‘बिल्ट-इन जीपीएस’ हे शब्द शोधा. नसतील तर ते घड्याळ वेळ बघायला उत्तम आहे.

आता ज्यांच्याकडे खरा जीपीएस आहे त्यांची गोष्ट. डोक्यावर साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरतायत. त्यांच्याकडून सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून आपलं घड्याळ ‘मी कुठे आहे’ हे ठरवतं, आणि त्यासाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. तीन जागेसाठी, चौथा घड्याळाच्या स्वतःच्या वेळेतली चूक काढायला. मे २००० पर्यंत अमेरिका हा सिग्नल सर्वसामान्यांसाठी मुद्दाम बिघडवून सोडत होती आणि शंभर मीटरपर्यंत घोळ व्हायचा. तो प्रकार बंद झाला, २००३ मध्ये गार्मिनचं पहिलं फोररनर आलं आणि आपल्यासारख्यांचे कॉफी मशीनजवळचे वाद सुरू झाले.

पण एक लक्षात घ्या. घड्याळाला ‘अंतर’ कळतच नाही. त्याला कळतात ठिपके. दर सेकंदाला एक ठिपका, आणि प्रत्येक ठिपका आपल्या खऱ्या जागेपासून दोन-तीन मीटर इकडे-तिकडे. मग हे ठिपके जोडायचे आणि त्या रेषेची लांबी म्हणजे तुमचं अंतर. तुम्ही नाकासमोर सरळ धावलात तरी ठिपके डुलत डुलत जातात, म्हणून सरळ रस्त्यावर अंतर थोडं वाढतं. वळणावर उलटं. तुम्ही गोल वळलात, घड्याळानं मात्र दोन ठिपक्यांमध्ये सरळ काडी टाकली... अंतर कमी! बॅटरी वाचवायचा मोड लावला असेल तर ठिपके आणखी विरळ आणि काडी आणखी लांब. म्हणून पहिली गोष्ट, रेकॉर्डिंग ‘दर सेकंदाला’वर ठेवा.

पेसचं तर विचारूच नका. पाच मिनिटांत किलोमीटर धावणारा माणूस सेकंदाला ३.३३ मीटर जातो. म्हणजे एका सेकंदात तो जेवढा पुढे सरकतो, जवळपास तेवढीच घड्याळाची चूक असू शकते! नुसत्या ठिपक्यांवरून पेस काढला तर स्क्रीनवर ३:१० आणि ८:४० आलटून पालटून नाचतील. म्हणून कंपन्या दोन युक्त्या करतात. एक, सिग्नलच्या फ्रीक्वेन्सीत होणाऱ्या बदलावरून (रेल्वेची शिट्टी जवळ येताना आणि लांब जाताना वेगळी ऐकू येते, तोच प्रकार) थेट वेग काढतात. दोन, मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवतात. त्यामुळे स्क्रीनवरचा आत्ताचा पेस हा खरं तर मघाचा असतो. चढ सुरू होऊन, धाप लागून, मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या की मग घड्याळ म्हणतं, तुम्ही हळू झालात. थँक्यू, कळलं होतं. त्यापेक्षा स्क्रीनवर ‘लॅप पेस’ लावा, म्हणजे चालू किलोमीटरची सरासरी. तो आकडा डोकं फिरवत नाही.

जगात जर्मनी, भारतात परभणी

गेल्या एप्रिलमध्ये मी परभणीला मावशीकडे होते. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ वगैरे म्हणत तुम्ही हसणार हे मला माहितीय. पण जीपीएसच्या बाबतीत पुण्या-मुंबईनं परभणीला नमस्कार करावा. लोअर परळला दोन काचेच्या टॉवर्समधून धावताना सिग्नल भिंतींवर आपटून आपटून घड्याळापर्यंत येतो. जास्त रस्ता कापून आला की घड्याळाला वाटतं उपग्रह लांब आहे, आणि नकाशावर तुम्ही बिनधास्त बिल्डिंगच्या आरपार धावलेले दिसता. परभणीत वसमत रोडला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बाजूला सकाळी उभं राहा. चारी बाजूंनी उघडं आकाश! डावीकडे शेत, उजवीकडे शेत, उंच म्हणजे कडुनिंब. इथे साधं एका फ्रीक्वेन्सीचं घड्याळही झकास चालतं. ते ‘ड्युअल बॅण्ड’ किंवा ‘मल्टी बॅण्ड’ म्हणून जे भाव खातात (दोन वेगळ्या फ्रीक्वेन्सी ऐकून आपटलेला सिग्नल ओळखायचा), त्याचा खरा उपयोग टॉवर्सच्या जंगलात. तुमचा मुक्काम परभणीत असेल तर ते पैसे शूजवर घाला.

आणि धावणं इथे हौस म्हणून नाही, हेही तिथे गेल्यावर कळतं. पहाटे पाचला रस्त्यावर जी पोरं-पोरी दिसतात त्यांच्या अंगावर ड्राय-फिट नसतो. ते पोलीस भरतीचं ‘ग्राउंड’ करत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. एकूण ५० गुण, त्यातले २० या लांब धावण्याला. मुलांमध्ये १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याच्या आत मारलं तर पूर्ण वीस. तिथून पुढे वेळ वाढेल तसे टप्प्याटप्प्यानं गुण कमी. एका गुणावर मेरिट लिस्ट हुकते म्हणतात तेव्हा ती अतिशयोक्ती नसते. आपल्याकडे दहा सेकंद म्हणजे स्टोरीवर टाकायचा स्क्रीनशॉट. इथे दहा सेकंद म्हणजे नोकरी.

माझा मावसभाऊ याच गडबडीत आहे. त्याचा आठ-दहा जणांचा ग्रुप. त्यांनी एका सरळ रस्त्यावर १६०० मीटर आखून ठेवलेलं, या टोकाला मोरीचा कठडा आणि त्या टोकाला चुना फासलेला दगड. मोजलं कसं? एकाच्या मोबाइलवरच्या अ‍ॅपनं, आणि मग खात्री म्हणून मोटारसायकलच्या मीटरनं. दोन्हीकडे १.६ आलं. मी विचारलं, टेपनं नाही मोजलं? तर म्हणाला, “ताई, मोबाइल तर बरोबर दाखवायलाय की! अन् गाडीबी तेच म्हनायली.”

आता गाडीचं मीटर बघा. त्यावर शेवटचा आकडा शंभर मीटरचा. निघताना तो आकडा नुकताच बदललेला होता की बदलायच्या बेतात होता, कोणाला ठाऊक? तेच दुसऱ्या टोकाला. म्हणजे मीटरवरचा ‘१.६’ हा दीडच्या जरा वरपासून १.७ च्या जरा खालपर्यंत काहीही असू शकतो. मोबाइलची गंमत वेगळी. स्वस्त फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चाललेलं अ‍ॅप अधूनमधून झोपवतो, मग मधले ठिपके गायब. वर फोन हातात, हात हलतोय, दोन दशांश स्थळं दाखवतोय म्हणून माणसाला वाटतं केवढा अचूक!

शेजारच्या बांधकामवाल्या काकांकडून पन्नास मीटरचा स्टीलचा टेप आणला. (कापडी किंवा फायबरचा नको, तो ओढला की ताणतो.) दोघं टेप धरायला, एक खडूनं खूण करायला, आणि एक जण नुसता किती वेळा टेप लावला ते मोजायला, कारण सगळ्यात मोठ्या चुका तिथेच होतात. एकतिसाव्यांदा टेप लावला आणि चुन्याचा दगड त्याच्या दोन मीटर आधीच आला. १५४८!

कोणी काही बोललं नाही. मग त्यातल्या एकानं, जो आदल्या दिवशी ५ मिनिटं ४ सेकंदांत आला होता, फोनवर कॅल्क्युलेटर उघडला. ३०४ सेकंदांत १५४८ मीटर. राहिले ५२. त्याच वेगानं त्या बावन्न मीटरला दहा सेकंद. म्हणजे खरी वेळ ५ मिनिटं १४ सेकंद. वीस गुणांच्या चार सेकंद बाहेर, आणि तो दोन महिने ‘झालं आपलं’ म्हणून निवांत होता. ग्रुपमधला सगळ्यात लहान पोरगा म्हणाला, “बरं झालं, आत्ताच कळलं.” पण चेहरा बरं झाल्यासारखा नव्हता.

नवा दगड बावन्न मीटर पुढे सरकला. जुना उपटून टाकू की राहू दे, यावरच मग वाद.

चाकाला विचारा

उन्हानं टेप वाढत नाही का, असा प्रश्न एका हुशारानं विचारला. वाढतो. स्टीलचे टेप साधारण २० अंशाला बरोबर असतात. चाळीस अंशाला मोजलं तर १६०० मीटरमागे सुमारे ३७ सेंटिमीटरचा फरक पडेल. सोडून द्या. पण प्रश्न फार चांगला, कारण जगभरच्या मॅरेथॉन मोजणारे लोक नेमकी हीच काळजी घेतात.

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर जीपीएसनं मोजत नाहीत बरं का! सायकलनं मोजतात. खरंच. सायकलच्या पुढच्या चाकाला ‘जोन्स काउंटर’ नावाचं छोटं यंत्र बसवतात. चाकाच्या एका फेऱ्यात ते वीसहून जास्त आकडे पुढे सरकतं. आधी स्टीलच्या टेपनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल पुन्हा पुन्हा चालवून किलोमीटरला किती आकडे पडतात ते ठरवायचं, मग रस्ता मोजायचा, आणि परत येऊन त्याच पट्ट्यावर पुन्हा चालवायची. पुन्हा का? कारण तोपर्यंत ऊन चढलेलं असतं, टायरमधली हवा तापून फुगलेली असते आणि चाकाचा घेर बदललेला असतो. एवढं करून वर हजाराला एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर. रस्ता किंचित मोठा चालेल, पण कमी भरता कामा नये. आमच्या चुन्याच्या दगडाला हा नियम माहीत असता तर!

ही सायकल तुम्हालाही जमेल. पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हपाशी रंगीत टेप चिकटवा, हवा नेहमीएवढी भरा, स्वतः सीटवर बसा (वजनानं टायर दबतो) आणि दहा फेऱ्यांत किती अंतर जातं ते स्टीलच्या टेपनं मोजा. झाला तुमचा मापदंड. सोसायटीभोवतीची फेरी, टेकडीचा रस्ता, तळ्याची प्रदक्षिणा, काहीही मोजा. जरा कंटाळवाणं आहे, पण ऐंशी हजारांच्या घड्याळापेक्षा खरं आहे.

मैदानावर धावत असाल तर आणखी एक भानगड. ४०० मीटरचा ट्रॅक ४०० मीटरचा असतो तो फक्त पहिल्या लेनमध्ये, आणि तोही आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर. आठव्या लेनमध्ये तोच फेरा साधारण ४५३ मीटर होतो. गणित सोपंय. आतल्या रेषेपासून एक मीटर बाहेरून धावलात की प्रत्येक फेऱ्याला ६.२८ मीटर जास्त, मैदान केवढंही असो. गावाकडची मैदानं बऱ्याचदा २०० मीटरची, म्हणजे १६०० ला आठ फेरे, म्हणजे नुसतं मीटरभर बाहेरून धावण्यात पन्नास मीटर जादा! आणि अशा छोट्या वळणांवरच घड्याळ काड्या टाकून अंतर कमी दाखवतं. पोरगा जास्त धावतोय, घड्याळ कमी म्हणतंय, मास्तर ओरडतायत. मैदानावर घड्याळाचं अंतर बघूच नका. फेरे मोजा आणि वेळ बघा. भरतीतही अलीकडे आरएफआयडी चिप लावून वेळच घेतात, तुमच्या मनगटाला कोणी विचारत नाही.

मराठवाड्यातून जे वर गेले त्यांचं बघा. परभणीची ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. वेळ २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. म्हणजे किलोमीटरला ४:०३, आणि असे बेचाळीस. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावला. किलोमीटरला २:५२! आपण लिफ्टची वाट बघतो तेवढ्या वेळात. हे आकडे मोजून घेतलेल्या रस्त्यावरचे आहेत, म्हणून त्यांना किंमत आहे.

बुटातला सेन्सर

२००६ मध्ये नायके आणि अ‍ॅपलनं बुटात ठेवायची चकती काढली, आठवतंय? आयपॉडवर गाणी ऐकता ऐकता कानात बाई अंतर सांगायची. तिचेच भाऊबंद म्हणजे आजचे फूट पॉड. उपग्रहाशी यांचा संबंध नाही, पायाची हालचाल मोजून प्रत्येक ढांग केवढी ते काढतात. त्यामुळे ट्रेडमिलवर, बोगद्यात, झाडीत, टॉवर्समध्ये सगळीकडे सारखेच चालतात आणि वेग बदलला की पेस लगेच बदलतो. मात्र कॅलिब्रेट केल्याशिवाय वापरू नका. टेपनं मोजलेल्या १६०० मीटरवर नेहमीच्या पेसनं धावा. पॉडनं १५५२ दाखवले तर १६०० भागिले १५५२, म्हणजे १.०३१. जुन्या फॅक्टरला यानं गुणायचं, बस्स. शूज बदलले की परत करायचं. माझं मत विचाराल तर ट्रेडमिलवाल्यांनी आणि टॉवरवाल्यांनी जरूर घ्यावा, बाकीच्यांनी हौस असेल तर.

ट्रेडमिलचा आकडाही देववाक्य नाही हं. पट्ट्याला खूण करा, लांबी मोजा, मिनिटाला खूण किती वेळा येते ते मोजा. जिमच्या ट्रेनरचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि ते ‘ऑटो पॉज’! सिग्नलला थांबलं की घड्याळ थांबतं, चालू लागलं की चालू. ऐकायला छान. पण थांबताना दोन-तीन सेकंद हळूच खातं आणि सरासरी पेस गोडगोड होतो. अ‍ॅप्सही बऱ्याचदा ‘मूव्हिंग टाइम’वरच पेस काढून देतात. पाणी प्यायला थांबलात, शूलेस बांधलीत, ओळखीच्या काकांशी बोललात, सगळं माफ. भावाच्या ग्रुपमध्ये दोघांच्या फोनवर हे चालू होतं. बंद केलं.

निघायच्या आधी घड्याळाला मिनिटभर उघड्यावर उभं करा. प्रत्येक उपग्रह आपण नक्की कुठे आहोत ही माहिती दर अर्ध्या मिनिटानं पुन्हा पाठवतो, ती पूर्ण यायला तेवढा वेळ लागणारच. फोनशी सिंक केलेलं असेल तर ती आधीच मिळालेली असते. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून नव्या गावात उतरलात की पहिल्या दिवशी घड्याळ जरा चाचपडतं. बटण दाबून पळत सुटू नका, नाहीतर पहिले दोनशे मीटर भलत्याच गल्लीत.

आता हिवाळ्यात तुमची हाफ मॅरेथॉन असेल आणि ‘दोन तासांच्या आत’ असं टार्गेट असेल, तर एक हिशेब करून ठेवा. २१.०९७५ किलोमीटर दोन तासांत म्हणजे ५:४१ चा पेस. पण रस्ता मोजलेला असतो सगळ्यात आखूड रेषेनं, वळणाच्या कडेला चिकटून. आपण धावतो गर्दीतून, पाण्याच्या टेबलाकडे तिरके, पुन्हा मध्ये. त्यात ठिपक्यांचं डुलणं. शेवटी घड्याळ २१.३५ दाखवतं आणि लोक आयोजकांच्या नावानं ओरडतात की रस्ता मोठा मोजला. घड्याळावर काटेकोर ५:४१ ठेवलात तर २१.३५ ला तुमची वेळ होते २ तास १ मिनिट २० सेकंद! म्हणून घड्याळावर ५:३७ धरून चाला. त्याहून बरं म्हणजे ऑटो लॅप बंद करा आणि रस्त्यावरचा किलोमीटरचा बोर्ड आला की स्वतः लॅपचं बटण दाबा. दहाव्या बोर्डला ५६ मिनिटं ५३ सेकंदांच्या आत असलात तर गाडी रुळावर आहे. बाकी घड्याळाला काय वाटतंय ते घरी येऊन पोहे खाताना बघता येईल.

कॉफी मशीनपाशी भांडणाऱ्या त्या दोघांनी आधी रेकॉर्डिंगची सेटिंग्ज उघडून बघावीत. १०.०० वाल्यानं बहुतेक बॅटरी सेव्हर लावलेला असेल.